जनसंपर्काची सुरुवात रिसेप्शनच्या टेबलापासून

ताई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. मराठी माध्यमातून शिकले, बेळगावात बी.ए. केलं आणि वर्षभर शहरातल्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनवर आहे. मध्यंतरी आमच्या आरोग्य शिबिराची प्रेस नोट लिहायला कुणी नव्हतं म्हणून मी लिहिली. ती दोन मराठी पेपरांत छापून आली आणि तेव्हापासून हेच जनसंपर्काचं, म्हणजे पीआरचं, काम करावंसं वाटतंय. पुण्याचे मामा म्हणतात, नोकरी सोड आणि इकडे येऊन वर्षाचा कोर्स कर. बाबा म्हणतात, पीआर म्हणजे वशिल्याचं काम. मला कन्नड बोलता येतं, पण लिहिताना अडतं. इंग्रजीही बेताचंच आहे. या क्षेत्रात माझ्यासारखीला जागा आहे का? आणि खरं सांगा, यात खोटं बोलावं लागतं का?
– खानापूर तालुक्यातील एक वाचक

नोकरी सोडू नकोस. हे आधी सांगते, कारण मामांचा फोन पुन्हा येईल आणि कोर्सचा अर्ज भरायची तारीखही जवळ आली असेल. कोर्स वाईट नाही, त्याबद्दल पुढे बोलूच. पण तू आज ज्या टेबलाशी बसतेस, तिथे या कामाचं अर्धं शिक्षण रोज तुझ्यासमोर चाललेलं असतं, आणि ते कुठल्याच वर्गात मिळत नाही.

दिवसभर तुला लोक काय विचारतात ते आठव. चंदगडकडून आलेला माणूस महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेचं कार्ड पुढे करतो आणि इथे चालतं का म्हणून विचारतो. बैलहोंगलची बाई आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकाचं कार्ड घेऊन येते. कुणाला डॉक्टर कधी बसतात ते कळत नाही, कुणाला बिलातली एक ओळ समजत नाही, कुणी नुसतंच चिडलेलं असतं. हे सगळं तू ऐकतेस, उत्तर देतेस आणि संध्याकाळी बस पकडतेस. तुझ्या हॉस्पिटलबद्दल गावोगावी काय बोललं जातं, याची सर्वांत ताजी खबर तुझ्यापाशी असते आणि वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना ती नसते. संस्थेचं म्हणणं लोकांपर्यंत नेणं ही या कामाची एक बाजू झाली. लोकांचं म्हणणं संस्थेच्या कानावर घालणं ही दुसरी. पहिली बाजू पेपरात छापून येते म्हणून सगळ्यांना दिसते. माणूस तयार होतो तो दुसऱ्या बाजूवर.

म्हणून एक वही कर. लोक पुन्हा पुन्हा काय विचारतात, कशावरून चिडतात, कुठे गोंधळतात, ते रोज दोन-चार ओळींत लिही. पेशंटचं नाव किंवा आजार त्यात लिहायचा नाही. महिना झाला की त्यातून एक पानाचा कागद तयार कर आणि व्यवस्थापकांना दे. 'या महिन्यात लोकांनी सगळ्यांत जास्त काय विचारलं' एवढाच त्याचा विषय. सोबत एखादी साधी सूचना असू दे. कुठली योजना कोणत्या उपचाराला लागू आहे याचा फलक दाराशीच तिन्ही भाषांत लावावा, इतकी साधी. कुणी मागितलेला नसताना असा कागद तीन-चार महिने येत राहिला, तर पुढची प्रेस नोट लिहायला ते तुलाच बोलावतील. पद नंतर मिळतं, काम आधी हातात येतं. निदान आपल्याकडच्या संस्थांमध्ये तरी मी हे असंच घडताना पाहत आले आहे.

आता नोटेबद्दल. दोन पेपरांत आली, फार छान झालं. तुझा मूळ मजकूर आणि छापून आलेला मजकूर शेजारी शेजारी ठेव आणि उपसंपादकाने काय कापलं ते पाहा. बहुतेक पहिला परिच्छेदच गेला असेल. आपल्याकडच्या नोटा 'समाजाप्रती असलेल्या बांधिलकीच्या भावनेतून' अशा सुरू होतात, मग दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचे शुभहस्त, आणि तारीख येते ती शेवटच्या ओळीत. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: 'नंदगड आणि परिसरातील मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांची तपासणी येत्या रविवारी सकाळी नऊपासून मोफत होणार आहे.' कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे. का आणि कसं ते त्यानंतर. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत वर येतो, म्हणून कमी महत्त्वाचं ते खाली. नाव नोंदवायला कुणाला फोन करायचा तो नंबर मात्र वरच ठेव. तो कापला गेला तर शिबिराला माणसंच येणार नाहीत.

मान्यवरांची नावं लिहूच नयेत असं मी म्हणणार नाही. आपल्या भागात पेपर नावांसाठीही वाचला जातो आणि त्यात काही गैर नाही. पण ती शेवटच्या परिच्छेदात असावीत आणि अचूक असावीत. आद्याक्षरं तपासायची, पद तपासायचं, फोटोखाली डावीकडून कोण कोण ते लिहायचं. एकाच गावात त्याच नावाचे दोन पाटील असतात. चुकीच्या पाटलाचं नाव छापून आलं तर खरा पाटील वर्षभर विसरत नाही.

पाठवण्याची रीतही महत्त्वाची आहे. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये पेस्ट करून पाठव. लेटरहेडचा फोटो काढून पाठवला की तिकडे कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तेवढा वेळ संध्याकाळी डेस्कवर कुणाकडेही नसतो. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल समोर उघडली तर ठीक, नाहीतर नुसते चौकोन दिसतात. कार्यक्रम सकाळी झाला तर नोट दुपारी चारच्या आत गेली पाहिजे. फोटो वेगळा जोडायचा, मूळ आकारात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईत फाटतो.

आणि वर्षाचं कॅलेंडर डोक्यात ठेव. १ नोव्हेंबरच्या आसपास बेळगावात कुठलाही कार्यक्रम लावू नकोस. एकीकडे कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन, रस्ते बंद आणि सगळे वार्ताहर त्यातच गुंतलेले. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की शहराचं सगळं लक्ष तिकडे जातं, आणि तुझ्या शिबिराला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. पण आरोग्याचा एखादा मोठा प्रश्न मांडायचा असेल तर तेच दिवस योग्य, कारण बेंगळुरूची पत्रकारमंडळीही तेव्हा इथेच असतात. गणेशोत्सवाचं वेगळं सांगायला नको.

आता कन्नड. तुझ्या पत्रातल्या या वाक्यापाशी मी थांबले, कारण त्यामागची घालमेल मला समजते. आपल्या घरांमध्ये हा नुसता भाषेचा प्रश्न कधीच नसतो. तरीही स्पष्ट सांगते, लिहिण्याइतकं कन्नड शीक. सीमाप्रश्नावर तुझं जे मत असेल ते तुझं आहे, ते राखण्यासाठी कन्नड लिहिता न येणं गरजेचं नाही. बेळगावच्या संस्थेची बातमी 'तरुण भारत' आणि 'पुढारी'त आली, पण 'विजय कर्नाटक', 'संयुक्त कर्नाटक', 'प्रजावाणी'त आली नाही, तर अर्ध्या जिल्ह्याला ती कळलीच नाही. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गची माणसं तुझ्याच हॉस्पिटलात येतात, तुझ्याच टेबलाशी उभी राहतात. त्यांच्याशी तू कन्नडच बोलतेस ना? मग लिहायला काय हरकत आहे?

रोज एक कन्नड पेपर घे आणि त्यातली एकच छोटी स्थानिक बातमी हाताने उतरवून काढ. जोडाक्षरं बसतील, बातमीची ठरलेली शब्दरचनाही हळूहळू हाताखालून जाईल. तुझ्यासोबत काम करणाऱ्यांत कुणी सौंदत्ती-गोकाककडची असेलच. तू लिहिलेलं तिला तपासायला सांग आणि तिला मराठी नोट लिहायला तू मदत कर. दोघींचंही भलं होईल. पण एक लक्षात ठेव, मराठी नोट घेऊन ती ओळीला ओळ कन्नडमध्ये उतरवायची नाही. खानापूरच्या वाचकाला नंदगडचं शिबिर ठाऊक हवं, रामदुर्गच्या वाचकाला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी बातमी वेगळी, म्हणजे बेळगावच्या मुख्य दवाखान्यात डोळ्यांची कुठली सोय नव्याने झाली ही. इंग्रजी नोट बहुधा बेंगळुरू-हुबळीच्या प्रतिनिधीसाठी, तिच्यात पार्श्वभूमीची दोन वाक्यं जास्त लागतात. तीन नोटा तीनदा लिहायच्या. एका संस्थेत बसून हे तिन्ही करू शकणारी माणसं खरोखर कमी आहेत. मुंबई-बेंगळुरूच्या पीआर एजन्सी उत्तर कर्नाटकातल्या पेपरांशी बोलायला अशाच माणसांच्या शोधात असतात. तुला जे उणं वाटतंय, त्यातलं बरंचसं वर्षा-दीड वर्षात तुझी ताकद होऊ शकतं.

निमंत्रणपत्रिका, बॅनर, फलक यांचं काम पुढेमागे तुझ्याकडे येईल. कर्नाटकात दुकानं-संस्थांच्या फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देणं कायद्याने बंधनकारक आहे. तो नियम आधी वाच, मग डिझाइन करायला दे. छापून झाल्यावर बॅनर उतरवावा लागला तर खर्च संस्थेचा आणि बोलणी तुला. मराठी मजकूर मात्र त्यात हक्काने घाल, आणि शुद्ध घाल. पत्रिकेवरचं मराठी चुकीचं छापलं गेलं की आपल्या माणसांना ते फार लागतं.

'खोटं बोलावं लागतं का?' हा प्रश्न तू सर्वांत शेवटी विचारलास, पण मला वाटतं तोच तुझ्या मनात पहिला होता. नाही, बोलावं लागत नाही. तसं सांगणारे वरिष्ठ भेटतात, हे मात्र खरं. या व्यवसायाच्या सुरुवातीचीच एक हकीकत सांगते. १९०६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेला अपघात झाला. अशी बातमी दाबायची, हा तेव्हाचा रिवाज. कंपनीचं काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी उलट केलं. कंपनीकडूनच निवेदन काढलं आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी जाऊन पाहण्याची सोय करून दिली. आधुनिक जनसंपर्काची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. पुढे १९१४मध्ये अमेरिकेतल्याच लडलो इथल्या खाण कामगारांच्या हत्याकांडानंतर याच ली यांनी मालकांच्या बाजूने पत्रकं काढली. त्यात चुकीची माहिती होती आणि तो डाग त्यांच्या नावावरून कधीच पुसला गेला नाही. माणूस तोच, हुशारीही तीच.

शिकागोत १९८२ साली टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना गोळ्या घेऊ नका म्हणून सांगितलं आणि देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. विष कंपनीने घातलं नव्हतं, तरीही मागवल्या. नंतर सीलबंद वेष्टनात तेच औषध बाजारात आलं आणि लोकांनी ते पुन्हा घेतलं. पीआरच्या प्रत्येक वर्गात हे उदाहरण शिकवतात. तुझ्यासाठी त्यातली गोष्ट इतकीच की निर्णय चांगला असेल तर तो लोकांना सांगणं सोपं जातं. निर्णय वाईट असेल तर कितीही चांगली प्रेस नोट त्याला वाचवत नाही, आणि ते वरिष्ठांना वेळेवर सांगणं हेही तुझंच काम.

हॉस्पिटलात असा दिवस येतोच. पेशंट दगावतो, नातेवाईक चिडतात, गर्दी जमते, कुणाचा तरी मोबाइल सुरू होतो आणि वीस मिनिटांत स्थानिक यूट्यूब चॅनलचा माणूस दारात उभा राहतो. अशा वेळी 'नो कमेंट' म्हणणं सगळ्यांत वाईट. जे नक्की माहीत आहे ते सांगायचं, जे माहीत नाही ते अजून माहीत नाही म्हणून सांगायचं आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगायचं. सहा म्हटलं तर सहाला फोन गेलाच पाहिजे, नवं काही कळलेलं नसलं तरी. पेशंटचं नाव, आजार, रिपोर्ट यातलं काहीही तुझ्या तोंडून बाहेर जाता कामा नये. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम एकदा नीट वाच. पेशंटची गुप्तता त्यात आहे, आणि डॉक्टरांनी पेशंट मिळवण्यासाठी स्वतःची जाहिरात करू नये हेही आहे. 'अमुक डॉक्टरांच्या जादुई हातांनी' अशी नोट लिहायला कुणी सांगितलं तर नियम पुढे ठेवून नम्रपणे नाही म्हणता येतं.

बाबांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, ते उडवून लावू नकोस. पत्रकारांना पाकिटं वाटणं, जाहिरातीच्या बदल्यात बातमी लावून घेणं हे प्रकार आहेत. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलने २०१०मध्ये अहवाल काढला तो उगीच नव्हे. तू मात्र सुरुवातीपासून दोन गोष्टी वेगळ्या ठेव. जाहिरात विभागाशी जाहिरातीचं बोलायचं, वार्ताहराशी बातमीचं. बातमी लावायची की नाही हा त्याचा अधिकार आहे. नाही लावली तर रागवायचं नाही आणि संपादकांकडे तक्रारही करायची नाही. चहा द्यावा, पाकीट कधी देऊ नये. एकदा दिलं की पुढच्या वेळी कमी दिलंस म्हणून बातमी येते. उलट, वार्ताहराला रात्री एखादी माहिती तपासायची असेल आणि तुझा फोन उचलला गेला, उत्तर बरोबर निघालं, तर तो विश्वास वर्षानुवर्षं टिकतो. असे चार-पाच वार्ताहर तुझा शब्द मानू लागले की वशिल्याची गरज पडत नाही. छापून आलेल्या नोटांच्या कात्रणांची एक फाइल ठेव आणि ती बाबांना दाखव. समजावून सांगण्यापेक्षा ते बरं.

आता कोर्सबद्दल. यंदा नाही. वर्षभर काम कर, फाइल जमव, मग ठरव. तेव्हाही पुणे हा एकच रस्ता नाही. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट पत्रकारितेसाठी नावाजलेलं आहेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही पत्रकारितेचे विभाग आहेत. खास जाहिरात आणि जनसंपर्काचा पदव्युत्तर डिप्लोमा हवा असेल तर दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचा (आयआयएमसी) आहे. मला विचारशील तर धारवाडकडे जरा जास्त पाहा. कन्नड लेखन आपोआप सुधारेल आणि कर्नाटकात महिलांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे साध्या बसचं तिकीटही लागणार नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९५८ पासूनची संस्था. २१ एप्रिलला तिचा राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो, त्या सुमारास व्याख्यानं होतात. ऑनलाइन ऐकता आली तर ऐक.

सरकारी वाटाही आहेत. कर्नाटकात वार्ता खातं, म्हणजे तिथलं माहिती व जनसंपर्क खातं आहे, तिथे कन्नड लिहिता येणं हीच पहिली पायरी. महाराष्ट्रातल्या माहिती व जनसंपर्क खात्याच्या भरतीवर लक्ष ठेव. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी तिथल्या अनेक भरतींच्या जाहिरातींत वेगळी तरतूद असते, त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. तुझं गाव त्या यादीत आहे का ते पाहून ठेव आणि दाखला लागतो त्या दिवशी धावपळ करू नकोस.

आणि हॉस्पिटलच्याच कामापुरतं अडकून राहू नकोस. उद्यमबागेतले कारखाने, शिक्षणसंस्था, साखर कारखाने, सौहार्द सहकारी सोसायट्या, सगळ्यांनाच लोकांशी नीट बोलणारं माणूस लागतं, फक्त त्यासाठी वेगळी जागा ठेवावी हे बऱ्याच जणांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की अहवाल लिहून देणारं कुणी मिळत नाही. रविवारी असं एखादं काम घेऊन बघ, मोबदला आधी ठरवून.

हॉस्पिटलमध्ये पगाराचं बोलताना आकड्याआधी कामाचं बोल. प्रेस नोट, कात्रणं, मासिक कागद, शिबिरांची प्रसिद्धी हे माझं काम आहे असं लेखी घे आणि पदात 'जनसंपर्क' हा शब्द मागून घे. सुरुवातीला पगार रिसेप्शनच्या पगाराहून फार वेगळा नसेल, तरी हे पद पुढच्या नोकरीत उपयोगी पडतं. संध्याकाळचे कार्यक्रम लांबतात, खानापूरची शेवटची बस चुकते. तेव्हा घरी पोहोचवायची गाडी संस्थेची असेल, हेही त्याच कागदात लिहून घे. मागायला संकोच वाटेल, पण ही अट पहिल्याच दिवशी मान्य होते, नंतर होत नाही.

पुढच्या शिबिराची नोट लिहिलीस की पाठवण्याआधी मला एक प्रत धाड. मराठी आणि कन्नड दोन्ही, कच्ची असली तरी चालेल.